फणी शर्मांबद्दल विचारलंत म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आसामी रंगभूमीचा इतिहास चाळताना फणी शर्मा हे नाव वारंवार येतं. नट, नाटककार, दिग्दर्शक, 'नटसूर्य'. पण मराठीत दोन ओळींपलीकडे काही हाती लागत नाही. ते नट मोठे की नाटककार? आणि आपण मराठी नाटकवाल्यांनी त्यांच्याकडे का बघावं?"

मी तीसेक वर्षं नाटकं बसवतोय, तालमी घेतोय, अभिनयाची शिबिरं घेतोय. शिबिरांच्या निमित्तानं चार-पाच वेळा आसामात राहणं झालं आणि तेजपूर तेव्हापासून डोक्यात बसलं. अभ्यासक नाही, तेव्हा उत्तर तालमीच्या हॉलमधलंच मिळेल.

आधी नाव. तेजपूरला एका चहाच्या टपरीवर मी मोठ्या विश्वासानं "फणी शर्मा" म्हणालो, तर समोरचे आजोबा क्षणभर गोंधळले आणि मग हसले. आसामीत श, ष, स तिन्ही घशातून येतात, आपल्या 'ख' आणि 'ह' यांच्या मधे कुठेतरी. त्यामुळे 'शर्मा' कानाला 'खर्मा'सारखं लागतं. उलट आपला साधा दंत्य 'स' हवा असेल, तर ते लोक च-छची अक्षरं वापरतात. फणी शर्मांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे 'सिराज', आणि ते आसामी लिपीत 'च'नं लिहिलेलं दिसतं. मला हे कळायला दोन दिवस लागले. पोस्टरवर 'चिराज' वाचून मी दुसरंच काहीतरी समजून पुढे गेलो होतो.

'नटसूर्य' या पदवीनंही गोंधळ होतो. बंगाली रंगभूमीवर अहींद्र चौधुरींनाही नटसूर्यच म्हणत. शोध घेताना दोघांची माहिती एकमेकांत मिसळू देऊ नका.

आता मुख्य प्रश्न. माझं उत्तर सरळ आहे: ते आधी नट, मग नट आणि त्यानंतरही नट. नाटककार झाले ते नटाच्या गरजेपोटी. आपल्या भाषेत, आपल्या माणसांना, आपल्या मंचावर बोलता येईल अशी भूमिका आयती मिळेना, म्हणून त्यांनी स्वतः लिहिली. मला ही कमी प्रतीची गोष्ट वाटत नाही. आपल्याकडे देवलांचं नाटक आजही बोलायला इतकं सोपं का जातं? त्यांनी स्वतः तालमी घेतल्या होत्या म्हणून. वाक्य नटाच्या तोंडात कुठे अडतं हे त्यांना कान देऊन ऐकावं लागलं होतं. फणी शर्मा त्या जातीचे.

त्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरचा. गाव तेजपूर, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावरचं. आसामीत 'तेज' म्हणजे रक्त. शोणितपूर म्हणजे तेच. भागवतातली उषा-अनिरुद्धाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. बाणासुराची मुलगी उषा, तिच्या स्वप्नात आलेला कृष्णाचा नातू, चित्रलेखेनं काढलेली चित्रं, मग हरी-हर युद्ध आणि वाहिलेलं रक्त. तेजपूरचे लोक ही गोष्ट आपल्याच गावात घडली असं मानतात. अग्निगडाची टेकडी दाखवून "उषेला इथे ठेवलं होतं" असं रिक्षावालासुद्धा सांगतो. म्हणून 1906 साली गावात नाट्यगृह उभं राहिलं, तेव्हा त्याला नाव मिळालं 'बाण थिएटर'. असुराच्या नावाचं नाट्यगृह! आपल्याकडे गंधर्व, बालगंधर्व, भावे, गडकरी. नाट्यगृहाला बाणासुराचं नाव देणाऱ्या गावाबद्दल मला तेव्हाच आपुलकी वाटली.

या एका गावानं काय दिलं ते बघा. ज्योतिप्रसाद आगरवाला तेजपूरचे. चहामळेवाल्या घरातला हा मुलगा शाळकरी वयातच उषा-अनिरुद्धावर 'शोणित कुंवरी' हे नाटक लिहितो, पुढे एडिंबराला शिकायला जातो, परतताना बर्लिनमध्ये चित्रपटाचं तंत्र बघतो आणि 1935 मध्ये आसामी भाषेतला पहिला चित्रपट काढतो. विष्णुप्रसाद राभा तेजपूरचे. गायक, नर्तक, चित्रकार, नट आणि कम्युनिस्ट क्रांतिकारक, भूमिगत राहिलेले, 1967 मध्ये तिथूनच आमदार झालेले. भूपेन हजारिकांचं लहानपण तेजपूरचं. त्या पोराचा आवाज ज्योतिप्रसाद आणि राभांनी हेरला. या घोळक्यात तिसरे फणी शर्मा. ज्योतिप्रसादांकडे दृष्टी होती आणि पैसा होता. राभांकडे विद्वत्ता होती आणि बंड होतं. फणी शर्मांकडे मंचावर उभं राहिलेलं शरीर होतं, आणि रोज रात्री प्रेक्षकांसमोर जाण्याची हाडात मुरलेली सवय. चरित्रं पहिल्या दोघांची जाड होतात, तिसऱ्याचं पातळ राहतं. नटाच्या बाबतीत हे सगळीकडे होतं.

ते मंचावर आले तेव्हा आसामी नाटकाची अवस्था काय होती, हे थोडं समजून घ्यावं लागेल. आसामची स्वतःची नाट्यपरंपरा आपल्या विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या 'सीतास्वयंवरा'पेक्षा तीनशेहून अधिक वर्षं जुनी. वैष्णव संत शंकरदेवांनी पंधराव्या-सोळाव्या शतकात अंकीया नाट, म्हणजे एकांकी भक्तिनाटकं, रचले. त्यांचा प्रयोग म्हणजे 'भाओना', जागा गावचं नामघर म्हणजे सामुदायिक प्रार्थनागृह, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मंचावर असणारा सूत्रधार आणि भाषा ब्रजावली, मैथिली मिसळलेली साहित्यभाषा. भूमिकेला आजही तिथे 'भाओ' म्हणतात आणि नटाला 'भाओरीया'. आपल्या 'भाव'चाच सख्खा भाऊ. भाव्यांच्या नाटकातला सूत्रधार आणि भाओनाचा सूत्रधार समोरासमोर ठेवून बघा, सलग बोलणारं, गाणारं, गोष्ट पुढे ढकलणारं तेच पात्र.

पण शहरी नाटकाचं तसं नव्हतं. 1836 ते 1873 एवढी वर्षं आसामच्या शाळा-कचेऱ्यांत बंगालीच चालवली गेली. आधुनिक धर्तीचं पहिलं आसामी नाटक, गुणाभिराम बरुआंचं 'राम-नवमी', 1857 चं, तेही विधवाविवाहावर. पण हौशी मंचांवर पुढची कित्येक दशकं बंगाली नाटकांचाच सुकाळ. पूजेच्या दिवसांत वकील, शिक्षक, कचेरीतले कारकून एकत्र यायचे, कोलकात्याहून आलेलं नाटक बसवायचे आणि बायकांची कामं मिसरूड न फुटलेली पोरं करायची. फणी शर्मांची पिढी उगवली ती या हौशी मंचावर. आसामी नटाला आसामीत बोलायला नाटक मिळणं हीच तेव्हा चैन होती. मी 'गरजेपोटी' म्हणालो ते यासाठी.

बाण थिएटरची हौशी चौकट त्यांना पुरली नाही. ते ब्रज शर्मांच्या कोहिनूर ऑपेरात गेले. 'ऑपेरा' म्हणजे पाश्चात्त्य गाण्यांचं नाटक नव्हे. बंगालकडून आलेल्या 'यात्रा' या प्रकारातली फिरती मंडळी स्वतःला ऑपेरा पार्टी म्हणवून घेत. सामान, पेट्या, वाजंत्री, नट असा सगळा संसार घेऊन गावोगाव. आपल्या नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडासारखंच.

कोहिनूरनं 1933 मध्ये एक गोष्ट केली. बायकांच्या भूमिका बायकांनी, पुरुषांबरोबर त्याच मंचावर करायच्या. आसामीत यासाठी शब्दच रूढ झाला, 'सहअभिनय'. आता तारीख बघा. आपल्याकडे 1 जुलै 1933 ला नाट्यमन्वंतर या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. आपण तो दिवस मराठी रंगभूमीचं वळण म्हणून शिकवतो. त्याच वर्षी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, एकमेकांची बातमीही नसताना, तेच घडत होतं. फरक मात्र मोठा आहे. नाट्यमन्वंतरचे लोक मुंबईचे सुशिक्षित, इब्सेनची चर्चा करणारे, प्रयोग नाट्यगृहात. कोहिनूरवाले फिरस्ते, आज या गावच्या मैदानात, परवा पुढच्या. बाई मंचावर आली म्हणून संतापलेला प्रेक्षक नाट्यगृहात फार तर उठून जातो. मैदानात तो चारी बाजूंनी असतो. मला कोहिनूरचं धाडस जास्त अवघड वाटतं, आणि हे मी मराठी माणूस म्हणून जरा कुरकुरतच कबूल करतो.

नट म्हणून त्यांचं वेगळेपण कशात, ते आता सांगतो. यात्रेच्या मंचाला पाठ नसते. प्रेक्षक सगळीकडून. एका बाजूला तोंड करून बोललात की बाकी तिन्ही बाजूंचे लोक तुमचे राहत नाहीत. म्हणून यात्रेतला नट खांद्यांनी बोलायला शिकतो, वळणं घेत बोलतो, वाक्याचा शेवटचा शब्द पाडत नाही, कारण तो पाठीमागच्यांना ऐकू जायचा असतो. बाण थिएटरचा मंच कमानीचा, प्रेक्षक समोर. तिथे हेच वागणं भडक दिसतं. आणि तिसरा मंच कॅमेऱ्याचा, तिथे तर पापणीसुद्धा भडक दिसू शकते. फणी शर्मा या तिन्ही ठिकाणी काही थोड्या वर्षांच्या अंतरानं उभे राहिले, आणि हे कसं करायचं ते शिकवणारं आसामीत तेव्हा कोणी नव्हतं. माझ्या शिबिरांत मी पोरांना हा व्यायाम देतो: एकच संवाद, आधी मधोमध उभं राहून चारी बाजूंना, मग भिंतीला पाठ लावून, मग मोबाइलचा कॅमेरा हातभर अंतरावर ठेवून. दुपारपर्यंत चांगले चांगले नट रडकुंडीला येतात.

कॅमेऱ्यापुढचं काम म्हणजे 'जयमती', तोच ज्योतिप्रसादांचा 1935 चा पहिला आसामी चित्रपट. गोष्ट सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, आहोम राज्यातली. 'लोरा राजा' म्हणजे पोरसवदा राजा गादीवर. त्याच्या नावानं राजकुलातल्या पुरुषांना शरीरानं अधू करण्याचा सपाटा लावलेला, कारण व्यंग असलेला माणूस गादीवर बसू शकत नाही. राजपुत्र गदापाणी नागा डोंगरांत पळतो. त्याचा ठावठिकाणा सांगावा म्हणून त्याच्या बायकोचा, जयमतीचा, जेरेंगा पठारावर छळ होतो. ती तोंड उघडत नाही आणि मरते. यावर लक्ष्मीनाथ बेझबरुआंचं नाटक होतं, त्यावरून ज्योतिप्रसादांनी चित्रपट केला. फणी शर्मांची भूमिका गाठी हजारिकाची. खलपुरुष.

हे चित्रीकरण कुठे झालं, तर भोलागुरी चहामळ्यात. आपला पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' 1932 चा. तेव्हा कोल्हापुरात प्रभातकडे स्वतःची माणसं, सुतार, रंगारी, कॅमेरे, सगळा कारखाना होता. आसामात काहीच नव्हतं. ज्योतिप्रसादांनी मळ्यातच 'चित्रबन' नावाचा तात्पुरता स्टुडिओ थाटला. राजवाडे उभे केले ते केळीच्या खांबांचे आणि बांबूच्या चटयांचे. फिल्म धुवायला बर्फ लागे, तो बाहेरून आणून भुशात जपायचा. नटांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी चित्रपटही पाहिला नव्हता.

आणि नायिका आयदेऊ संदिकै, खेड्यातली कोवळी मुलगी. तिला जहाज दाखवायला नेतो असं सांगून आणल्याची गोष्ट आसामात सगळे सांगतात. चित्रपटात तिनं गदापाणीचं काम करणाऱ्या परपुरुषाला पतीसाठीच्या संबोधनानं हाक मारली, एवढ्यावरून गावानं तिला वाळीत टाकलं. लग्न झालं नाही. 2002 मध्ये ती गेली तेव्हा तिच्या नावानं समारंभ होऊ लागले होते, पण त्याआधीचं सगळं आयुष्य तसंच गेलं होतं.

त्या मुलीसमोर उभं राहून छळणाऱ्याची भूमिका करायची, याचा एक नट म्हणून विचार करा. यात्रेत शिकलेला, आवाज फेकणारा माणूस. आणि समोर अभिनय म्हणजे काय हेच ठाऊक नसलेली पोर. ती खरंच घाबरू शकते. इथे जोर लावला तर चित्र बिघडतं आणि सैल सोडलं तर खलनायक उरत नाही. माझ्याकडे एकदा असाच एक मुलगा कोठडीतल्या जमादाराची भूमिका करत होता. तिसऱ्या तालमीला त्यानं समोरच्या मुलीचा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठले. चूक माझी होती. मी त्याला 'आणखी दे' म्हणत राहिलो होतो. त्या दिवसापासून खलपुरुषाच्या तालमीत मी अंतर मोजून घेतो, आणि गाठी हजारिका मला दर वेळी आठवतो.

पण सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. चित्रीकरण संपलं, ज्योतिप्रसाद लाहोरला संकलनाला गेले, आणि तिथे कळलं की जवळपास अर्ध्या चित्रपटाचा आवाजच नाही. ध्वनिमुद्रण झालेलंच नव्हतं. नट आसामात, निर्माता लाहोरात, पैसे संपत आलेले. ज्योतिप्रसादांनी काय करावं? स्टुडिओ घेतला आणि स्त्री-पुरुष सगळ्या पात्रांचे आवाज स्वतःच काढले. फुटांच्या हिशेबात सहा हजारांवर फिल्म. चित्रपट 10 मार्च 1935 ला कोलकात्यात झळकला, पैसे बुडाले, पुढे प्रतीही विस्कटल्या. जे तुकडे वाचले ते भूपेन हजारिकांनी 1976 मध्ये ज्योतिप्रसादांवरच्या माहितीपटात गुंफले.

म्हणजे यात्रेच्या मैदानात आवाजावर जगलेला नट, त्याचं पहिलं चित्रमुद्रित काम, आणि त्यातल्या निम्म्या भागात त्याचा आवाज दुसऱ्याचा. फणी शर्मांनी याबद्दल काय म्हटलं असेल हे मी अंदाजानं लिहिणार नाही. मला एवढंच दिसतं की पुढची तीस वर्षं त्यांनी बोलण्यावरच काम केलं. स्वतःचे संवाद स्वतः लिहिले, स्वतः बोलले, स्वतः बोलून घेतले.

1939 च्या ज्योतिप्रसादांच्या दुसऱ्या चित्रपटात, 'इंद्रमालती'त, ते होतेच. त्याच चित्रपटात बारा-तेरा वर्षांचा भूपेन हजारिकाही आहे. हा टप्पा मी भराभर ओलांडतो, कारण मला 'सिराज'पाशी थांबायचंय.

'सिराज' ही मूळची लक्ष्मीधर शर्मांची कथा. फणी शर्मांनी तिचं नाटक केलं, सिराजची भूमिका स्वतः केली आणि 1948 मध्ये विष्णुप्रसाद राभांबरोबर तिचा चित्रपट दिग्दर्शित केला. गाभा एका वाक्यात: एका मुसलमान माणसानं हिंदू मुलीला पोटच्या पोरीसारखं वाढवणं. आज हे वाचून कुणी म्हणेल, ठीक, सदिच्छापट. पण साल बघा. जुलै 1947 मध्ये सिल्हेटमध्ये सार्वमत झालं आणि आसामचा तो मोठा तुकडा पूर्व पाकिस्तानात गेला. निर्वासित येत होते. कोण कुठला हे विचारणं रोजचं झालं होतं. पुढच्याच वर्षी पडद्यावर सिराज नावाचा म्हातारा उभा करायचा, आणि तो ब्राह्मण नटानं करायचा.

इथे मला नाटककार फणी शर्मा दिसतात. कथेचं नाटक करताना लेखक बहुधा विचार वाढवतो. नट मात्र माणूस वाढवतो. तुम्ही भाषणबाजी लिहिलीत तर ती दोन प्रयोगांत कळते, लोक खोकायला लागतात. पण एका बापाचं मुलीवरचं रोजचं प्रेम, जेवण, काळजी, रागावणं, हे प्रेक्षक तासभर बघतो, आणि मधेच केव्हातरी त्याच्या लक्षात येतं की या माणसाचा धर्म आपण विसरलो होतो. 'सिराज'चं बळ हेच असावं असं मला वाटतं. भूमिका आधी, मुद्दा मागून. भूपेन हजारिकांना 1988 मध्ये तोच विषय घेऊन पुन्हा चित्रपट काढावासा वाटला. चाळीस वर्षांनी एखाद्या गोष्टीकडे परत जाणं हे माझ्या लेखी कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं.

पुरस्काराचीही गोष्ट आहेच. 1955 मध्ये त्यांनी 'पियली फुकन' दिग्दर्शित केला. निर्माते गमाप्रसाद आगरवाला, संगीत भूपेन हजारिकांचं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं आणि आसामी चित्रपटाची राष्ट्रीय पातळीवर पहिली नोंद झाली. विषय निवडला तोही बघण्यासारखा. पियली फुकन हा बदनचंद्र बरफुकनचा मुलगा. हा बदन म्हणजे ब्रह्मदेशच्या फौजा आसामात बोलावून आणणारा, आसामी इतिहासातला ठरलेला देशद्रोही. आपल्याकडे सूर्याजी पिसाळाचं नाव ज्या सुरात घेतात त्या सुरात तिथे बदनचं घेतात. त्याचाच मुलगा इंग्रजांविरुद्ध उठला आणि 1830 मध्ये फासावर गेला. खलपुरुषाच्या भूमिकेतून पडद्यावर आलेल्या नटानं दिग्दर्शक म्हणून गद्दाराच्या मुलाची गोष्ट उचलावी, यात मला योगायोग वाटत नाही. ज्यानं गाठी हजारिकाच्या कातडीत शिरून बघितलंय, त्याला काळं-पांढरं कंटाळवाणं वाटणारच. हा माझा तर्क आहे, पण मी त्यावर पैज लावीन.

त्यानंतर 'धुमुहा' आला, 'केचा सोन' आला. नाटकांत 'भोगजरा', 'कियो', 'कलाबाजार'. 'कियो' म्हणजे 'का?'. 'कलाबाजार' म्हणजे काळाबाजार. युद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत या विषयाला प्रेक्षक समजावून सांगावा लागत नव्हता, तो सकाळी त्यातूनच तांदूळ घेऊन आलेला असायचा. एकीकडे इतिहास, दुसरीकडे कालचा बाजार. खाडिलकर आणि वरेरकर एकाच माणसात, असं मी शिबिरात म्हणतो. तुलना थोडी ओढलेली आहे, पण मुलांच्या लक्षात राहते.

एक व्यवहाराची बाजू. आसामात बरीच वर्षं कायमस्वरूपी स्टुडिओच नव्हता. आसामी चित्रपट करायचा तर नट, कपडे, वाद्यं घेऊन कोलकाता गाठायचं, भाड्यानं मजला घ्यायचा आणि दिवस मोजत काम उरकायचं. गुवाहाटीचा ज्योती चित्रबन 1961 नंतरचा. त्यामुळे फणी शर्मांसारख्या माणसाचं आयुष्य चित्रपटांच्या यादीत बघितलं की दोन चित्रपटांमधे मोठाली भगदाडं दिसतात. ती रिकामी नव्हती. नाटक लिहिणं, बसवणं, करणं हा खरा रोजगार आणि चित्रपट म्हणजे मधूनच घडलेली सफर. वाचताना उलटं समजू नका.

1963 मध्ये पाठशाला या गावच्या अच्युत लहकरांनी नटराज थिएटर काढलं आणि आसामात भ्राम्यमाण, म्हणजे फिरत्या, थिएटरचं युग सुरू झालं. ट्रकांवर लादलेला मंच, मांडव, खुर्च्या, जनरेटर. शेजारी-शेजारी दोन मंच, म्हणजे एकावर प्रवेश चालू असताना दुसऱ्यावर पुढचा लागतो. एका गावात मुक्काम तीन रात्रींचा आणि रोज वेगळं नाटक. पाऊस ओसरला की निघायचं ते वसंतापर्यंत. बोलावणारी बहुतेकदा स्थानिक समिती, शाळेसाठी किंवा नामघरासाठी पैसा उभा करणारी. आज हा प्रकार मोठा उद्योग आहे. पण मैदान, फिरस्ती आणि बाई-पुरुष एकत्र मंचावर, ही वाट कोहिनूरवाल्यांनी तीस वर्षं आधी तुडवून ठेवली होती.

सत्तरच्या दशकात फणी शर्मा गेले.

प्रश्नाचा शेवटचा भाग: आपण का बघावं? मला वाटतं, नटानं लिहिलेलं नाटक कसं तपासायचं हे शिकायला. आणि 'सिराज' मराठीत करायचं कुणाच्या मनात असेल (मला हे दोघातिघांनी विचारलंय), तर अनुवादाला बसण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुमचा सिराज कोणतं मराठी बोलतो. पुस्तकी मराठी दिलीत तर तो सज्जन होईल, माणूस होणार नाही. आणि हिंदी चित्रपटातली उर्दू त्याच्या तोंडी घातलीत तर खेळ तिथेच संपला, कारण मूळ सिराज त्याच्या गावासारखंच बोलतो. कोकणातल्या मुसलमान घरांतली बोली घ्या, किंवा मिरज-सांगलीकडची, जिथे तुमचा नट वाढलाय तिथली. मग त्याला पहिला प्रवेश पाठ न करता नुसता मोठ्यानं वाचायला लावा, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसा.